चिकाटी आणि तेरावा महिना

विक्रीच्या व्यवसायात ‘प्रॉस्पेक्टिंग’ या नावाने ओळखले जाणारे काम म्हणजे ज्यांनी अजून काहीही मागितलेले नाही अशा माणसांतून भावी ग्राहक शोधून काढणे, आणि या कामाचे स्वरूपच असे की त्यात मिळणारी बहुतेक उत्तरे नकाराची असतात. दुकानात गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते, त्यामुळे त्याच्या वाट्याला येणारा नकार फार तर भावाबद्दलचा किंवा मालाबद्दलचा असतो. आयुर्विमा विकणाऱ्या प्रतिनिधीला मात्र आधी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहावे लागते, आणि तिथला नकार मालाच्या आधी त्याच्या येण्यालाच दिलेला असतो. हा नकार पचवण्यासाठी विक्रीविषयक व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून जो उपदेश केला जातो, तो सहसा चिकाटी आणि सकारात्मकता या दोन शब्दांत सामावतो. हे दोन्ही गुण आवश्यक आहेत यात वाद नाही; वाद आहे तो त्यांच्या अर्थाबद्दल. नकार मनाला लावून न घेता पुढच्या दारी जाणे एवढाच चिकाटीचा अर्थ घेतला, तर नकारात दडलेली माहिती वाया जाते. नकार मोडून काढणे असा अर्थ घेतला, तर तो नकार केवळ पुढे ढकलला जातो आणि पुढे कधीतरी व्याजासह परत येतो. नकार हा विक्रेत्याला रोज मिळणारा सर्वांत विपुल आणि सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर आहे, आणि टिकाऊ चिकाटी त्याच्या नेमक्या वाचनातूनच येते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आयुर्विम्याचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे, कारण त्यात नकाराची जवळजवळ सर्व रूपे एकत्र सापडतात. भारतात या धंद्याच्या आरंभी नकार देणारी बाजू वेगळी होती: एकोणिसाव्या शतकातल्या परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसांचे विमे उतरवायला नाखूष असत आणि उतरवलेच तर जादा हप्ता घेत, १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ या संस्थेने भारतीयांचे विमे नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली. पुढे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५६ मध्ये, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर झाले, २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, आणि विमा शहरांबाहेर, खेड्यापाड्यांपर्यंत नेणे हे त्याचे एक मोठे उद्दिष्ट ठरले. हे काम प्रत्यक्षात केले ते कमिशनवर काम करणाऱ्या प्रतिनिधींनी; आज एकट्या महामंडळाकडे अशा प्रतिनिधींची संख्या तेरा लाखांहून अधिक आहे. नकार देण्याचा अधिकार अशा रीतीने कंपनीच्या कचेरीतून ग्राहकाच्या ओसरीवर आला, आणि तो झेलण्याचे काम एजंटाकडे आले.

हा नकार इतर मालाच्या नकारापेक्षा जड असतो, याला कारणे आहेत. विमा ही हातात घेऊन पाहता येणारी वस्तू नव्हे. हप्ता आज जातो आणि लाभ बहुधा अशा दिवशी मिळतो, जो दिवस कोणालाही यावासा वाटत नाही. घरातल्या कर्त्या माणसासमोर त्याच्याच मृत्यूचा विषय काढणे आपल्याकडे अभद्र मानले जाते, त्यामुळे ‘शुभ बोल नाऱ्या’ ही म्हण एजंटाला रोजच्या रोज तोंडावर ऐकावी लागली नाही, तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचावी लागते. त्यातच नव्या एजंटाला प्रशिक्षणात प्रथम ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगितले जाते, म्हणजे पहिले नकार मिळतात ते मामा, मावसभाऊ, जुना वर्गमित्र आणि शेजारी यांच्याकडून. अनोळखी माणसाचा नकार संध्याकाळपर्यंत विसरता येतो. नातेवाइकाचा नकार पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी येऊन बसतो. पहिल्या वर्षभरातच अनेक जण हा धंदा सोडतात याचे कारण आळसात शोधले जाते, पण त्याचा मोठा भाग या सामाजिक अवघडलेपणात सापडेल.

नकारांपुढे कोण टिकतो आणि कोण हातपाय गाळतो, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यासही आयुर्विम्याच्याच एजंटांवर झाला, हा योगायोग म्हणता येणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी १९८० च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीच्या विक्रेत्यांची ‘स्पष्टीकरणशैली’ तपासली. स्पष्टीकरणशैली म्हणजे वाईट घटनेचे कारण माणूस स्वतःला कसे समजावून सांगतो याची त्याची सवय. ही सवय तीन अंगांनी मोजली जाते: कारण कायमचे मानले जाते की तात्पुरते, ते आयुष्याच्या सगळ्या क्षेत्रांत पसरलेले मानले जाते की एकाच ठिकाणापुरते, आणि ते स्वतःत शोधले जाते की बाहेर. आशावादी शैलीच्या वरच्या अर्ध्या गटाने पहिल्या दोन वर्षांत खालच्या अर्ध्या गटापेक्षा ३७ टक्के अधिक विमा विकल्याचे या अभ्यासात दिसले. १९८५ मध्ये तर कंपनीच्या नेहमीच्या चाळणीत थोडक्यात नापास झालेल्या, पण आशावादाच्या चाचणीत वर आलेल्या १२९ जणांची वेगळी तुकडी भरती करण्यात आली, आणि तिने नियमित भरतीतल्या निराशावादी विक्रेत्यांना पहिल्या वर्षी २१ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ५७ टक्क्यांनी मागे टाकले.

या निष्कर्षांचा उपदेशकांनी घेतलेला अर्थ सोपा आहे: आशावादी राहा. परंतु तीन अंगे वेगळी करून पाहिली, तर ती सारख्या मोलाची नाहीत हे लक्षात येते. ‘आज जमले नाही’ याचे ‘कधीच जमणार नाही’ होऊ न देणे आणि ‘या घरी जमले नाही’ याचे ‘मला काहीच येत नाही’ होऊ न देणे, ही पहिली दोन अंगे निखळ हिताची आहेत, कारण त्यांत सत्याशी प्रतारणा नाही. एक नकार खरोखरच एका दिवसाचा आणि एका घराचा असतो. तिसरे अंग मात्र दुधारी आहे. प्रत्येक नकाराचे कारण बाहेर शोधण्याची सवय लागली, की गिऱ्हाईक अडाणी, गाव कंजूष आणि काळ वाईट ठरतो. मन शाबूत राहते, पण मांडणीतली चूकही तितकीच शाबूत राहते. म्हणून आशावादाने नकाराचा काळ आणि त्याची व्याप्ती आखून द्यावी. कारणाबद्दल मात्र निवाडा आधीच देऊन टाकू नये.

कारणाकडे नीट पाहिले तर काय घडते, याचे महाराष्ट्राला परिचित उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बेळगावात हा नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. ही गोष्ट चिकाटीचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण तिच्यात आणखी एक अर्थ आहे. शेतकऱ्याचा नकार माणसाला नव्हता, नांगराच्या किमतीला नव्हता, जमिनीच्या काळजीला धरून होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती काळजी मुळीच वेडगळ नव्हती. असा नकार वक्तृत्वाने हटत नाही. शेजारच्या रानात तोच नांगर चाललेला आणि त्या रानात पीक उभे राहिलेले दिसावे लागते. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा त्या दोन वर्षांच्या थांबण्याचे फळ दिसू लागले. परंतु ते थांबणे पुराव्याला वेळ देणारे होते, म्हणूनच ते फळले.

विमा विक्रेत्यापुढची अडचण अशी की त्याला मिळणारा नकार बहुधा स्पष्ट शब्दांत येतच नाही. मराठी घरात दारी आलेल्या माणसाला तोंडावर ‘नको’ म्हणणे असभ्य मानले जाते, आणि त्यामुळे नकाराची जागा ‘बघू’ या क्रियापदाने घेतली आहे. या एका शब्दाची रचना लक्ष देण्यासारखी आहे. ते प्रथमपुरुषी अनेकवचन असल्यामुळे बघणारा एक माणूस कोण हे त्यात सांगितलेले नसते, निर्णय जणू अख्ख्या घराकडे सोपवलेला असतो. भविष्यकाळ असला तरी तारीख नसते. आणि काय बघायचे ते कर्मही बहुधा गाळलेले असते. विक्रेत्याला थकवतो तो हाच नकार, कारण ‘नको’ या उत्तराने एक दार बंद होते आणि मन मोकळे होते, तर ‘बघू’मुळे दार किलकिले राहते आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागतात.

तरीही सगळे ‘बघू’ सारखे नसतात, आणि वाचनाचे काम येथेच सुरू होते. एखाद्या ऊस पिकवणाऱ्या तालुक्यातल्या एजंटाची नोंदवही डोळ्यांसमोर आणली, तर तिच्या एका रकान्यात नाव, दुसऱ्यात तारीख आणि तिसऱ्यात उत्तर असते. बहुतेक वह्यांत तिसऱ्या रकान्यात केवळ ‘नकार’ किंवा फुली असते, आणि तिथेच माहिती मरते. त्याऐवजी माणूस बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहिले, तर ‘बिल आल्यावर बघू’ हा नकार कारखान्याच्या उसाच्या बिलाशी बांधलेला आहे आणि त्याची पुढची तारीख गळीत हंगाम ठरवणार आहे हे दिसते. ‘मार्चमध्ये या’ म्हणणारा शिक्षक प्राप्तिकराच्या वजावटीचा विचार करतो आहे, म्हणजे त्याला संरक्षण नको, करबचत हवी आहे, आणि त्याच्याशी बोलायचा विषयच वेगळा आहे. ‘घरी विचारून सांगतो’ याचा अर्थ निर्णय घेणारी व्यक्ती त्या भेटीत हजर नव्हती. ‘आमचा भाचाच एजंट आहे’ हे मात्र पूर्ण उत्तर आहे, आणि त्यानंतर त्या दारी विम्यासाठी जाण्यात चिकाटी नाही. हीच चार उत्तरे ‘नन्नाचा पाढा’ म्हणून एकत्र मोजली तर मन खचते. वेगळी मांडली तर पुढच्या महिन्याचे वेळापत्रक त्यांतूनच तयार होते.

शब्दांइतकीच संख्याही वाचावी लागते, आणि त्यासाठी शाळेतले गणित पुरते. समजा, एखाद्या प्रतिनिधीच्या अनुभवाप्रमाणे सरासरी वीस भेटींमागे एक पॉलिसी होते, म्हणजे प्रत्येक भेटीत नकाराची शक्यता ९५ टक्के आहे. अशा वेळी सलग वीस नकार येण्याची शक्यता ०.९५ या संख्येचा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के येते. काहीही चुकलेले नसतानाही साधारण तीनांतून एकदा पूर्ण वीस भेटी कोरड्या जाणारच. विसाव्या नकाराला खचून जाणारा माणूस म्हणूनच हिशेबात चुकतो. पण सलग चाळीस नकारांची शक्यता १३ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि साठ नकारांची ५ टक्क्यांच्याही खाली जाते. तेव्हा साठाव्या नकारानंतरही ‘आपण सकारात्मक राहू’ एवढेच म्हणणारा माणूसही तितकाच चुकतो, कारण आता यादी, वेळ, माल किंवा बोलण्याची पद्धत यांपैकी काहीतरी बदलले आहे किंवा मुळातच चुकले आहे असे मानायला आधार आहे. चिकाटीला अशी मर्यादारेषा आधीच आखून ठेवली, तर रेषेच्या अलीकडे शंका घ्यावी लागत नाही आणि पलीकडे हट्ट करावा लागत नाही. मन शांत ठेवण्याचे काम येथे हिशेबच करतो.

मनःस्थितीवर भर देणाऱ्या परंपरेत नेमकी याच हिशेबाची उणीव आहे. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ च्या प्रसिद्ध पुस्तकापासून सकारात्मक विचार ही जणू कार्यकारी शक्ती मानली गेली, आणि या परंपरेवर बार्बरा एहरनराइक यांनी २००९ मध्ये केलेल्या टीकेचा गाभा असा होता की अपयशाचा सगळा दोष माणसाच्या वृत्तीवर टाकला, की परिस्थितीला जाब विचारण्याची सोयच उरत नाही. विक्रीखात्यातल्या सोमवारच्या बैठकीत हे सहज दिसते: टार्गेट न गाठणाऱ्याला ‘अॅटिट्यूड’बद्दल बोल लावला जातो, पण त्याला दिलेल्या यादीतले फोन नंबर किती जुने आहेत, हा प्रश्न क्वचितच निघतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संज्ञा मांडली. नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर आणि शक्य तर मनातही ठरावीक भावना निर्माण करावी लागणे, असा तिचा अर्थ. दिवसभर नकार ऐकून प्रत्येक दारी ताज्या हसऱ्या चेहऱ्याने जाणे हे श्रम आहेत असे एकदा मान्य केले, की त्यांचे मोल, विश्रांती आणि मर्यादा यांचा विचार संस्थेलाही करावा लागतो.

आता या प्रतिपादनावरचा सर्वांत वजनदार आक्षेप विचारात घेतला पाहिजे. विमा आपणहून कोणी घेत नाही, तो विकावाच लागतो, असे या धंद्यात म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे: मृत्यूचा विचार टाळणे ही माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती असल्यामुळे थोडा आग्रह झाला नाही, तर कर्ता माणूस गेल्यावर घर उघड्यावर पडते. मग नकार मोडून काढणारा एजंट त्या घराचे हितच करत नाही काय? आग्रहाचे हे समर्थन तत्त्वतः मान्य करता येते. पण आग्रह हिताचा होता की नाही हे विकणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही, आणि सुदैवाने विमा व्यवसायाकडे ते ठरवणारे स्वतःचे माप आहे. त्याला ‘पर्सिस्टन्सी’ म्हणतात. इंग्रजीत चिकाटीसाठी जो शब्द आहे त्याच कुळातला हा शब्द, पण तो विक्रेत्याला लावला जात नाही. विकलेल्या पॉलिसींपैकी किती पॉलिसींचे हप्ते पुढेही भरले जात आहेत, त्या प्रमाणाला तो लावला जातो, आणि त्याचे पहिले मोजमाप तेराव्या महिन्याला होते. पहिल्या वर्षाचा हप्ता भिडेखातर भरता येतो. दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरण्याची वेळ येते तेव्हा भीड ओसरलेली असते, आणि ज्याच्या मनात मुळात नकारच होता तो माणूस तेव्हा काही न बोलता नकार देतो.

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण अधिक महिन्याने लांबलेल्या वर्षावरून आली. विम्यात ती अक्षरशः खरी ठरते. पारंपरिक पॉलिसीत एकच वर्ष हप्ता भरून थांबणाऱ्याला पूर्वी सहसा काहीच परत मिळत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी एका पूर्ण वर्षाच्या हप्त्यानंतर काही सरेंडर मूल्य देण्याची सोय केली, आणि त्याच वर्षी पॉलिसी हातात पडल्यावर ती परत करण्याची ‘फ्री लुक’ मुदत ३० दिवसांची झाली. या मुदतीचा अर्थ असा की दारात भिडेपोटी न दिलेला नकार नंतर देण्याचा हक्क कायद्याने ग्राहकाला दिला आहे. गळी उतरवणे आणि गळ्यात मारणे या दोन वाक्प्रचारांत मराठीने जो भेद केला आहे, तोच या नियमांमागे आहे: पहिल्यात समोरच्याला पटते, दुसऱ्यात फक्त ओझे लागते.

दडपणाचे मूळ मात्र एजंटाच्या स्वभावापेक्षा मोबदल्याच्या रचनेत अधिक आहे. विमा कायद्याने अनेक दशके पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यानंतर पाच टक्के अशा कमिशनच्या मर्यादा ठेवल्या होत्या. २०२३ मध्ये नियामकाने या स्वतंत्र मर्यादा काढून एकूण खर्चावर मर्यादा ठेवली, पण पहिल्या वर्षाला अधिक मोबदला देण्याची रीत मुरलेली आहे. पहिली सही जितकी महाग, तितका नकार ऐकून घेणे अवघड. त्यात टेलिफोनची भर पडली. पायी किंवा दुचाकीवरून जाणाऱ्याला प्रत्येक भेटीसाठी वेळ आणि पेट्रोल मोजावे लागते, म्हणून तो कोणाकडे जायचे ते निवडतो. फोनवरून विचारणे जवळजवळ फुकट झाले, तेव्हा निवडीची गरज संपली आणि नकारांचा पूर आला. त्याला बांध म्हणून दूरसंचार नियामकाला असे फोन नको असलेल्यांसाठी १९०९ या क्रमांकावर नाव नोंदवण्याची सोय, जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आणि २०१८ चे कडक नियम आणावे लागले. विचारण्याची किंमत शून्य झाली, की पुन्हा पुन्हा विचारण्यात गुण उरत नाही. चिकाटीचे रूपांतर लोचटपणात होते, आणि त्याचा दंड त्याच क्षेत्रातल्या प्रामाणिक माणसाला न उचललेल्या फोनच्या रूपाने भरावा लागतो.

चिकाटी आणि चिकटणे हे शब्द मराठीत एकाच घरचे आहेत, त्यामुळे त्यांच्यातली सीमा पुसट राहते. पण तालुक्याच्या गावात काम करणाऱ्या प्रतिनिधीला ती रोज आखावी लागते, कारण त्याच्याकडे फोनच्या यादीसारखी न संपणारी माणसे नसतात. त्याच्याकडे मोजकी घरे असतात, आणि आज नकार देणारे घर त्याच बाजारात, त्याच बँकेच्या रांगेत आणि त्याच यात्रेत पुन्हा भेटणार असते. म्हणून त्याचा खरा साठा मिळालेल्या होकारांपेक्षा मोठा आहे: ज्या दारांनी नकार दिला आणि तरीही ज्यांच्यापुढून जाताना त्याला रस्ता बदलावा लागत नाही, अशी दारे. ‘बिल आल्यावर बघू’ असे लिहिलेल्या रकान्यापुढे तो हंगामाची तारीख टाकतो, आणि त्या तारखेला जाताना त्याला उसने धैर्य आणावे लागत नाही. बोलावणे अर्धवट का होईना, आलेले असते. त्या दिवशी पुन्हा नकार मिळाला तर तोही शब्दशः लिहून ठेवला जाईल, आणि होकार मिळाला तर त्याची परीक्षा लगेच संपणार नाही. ती आणखी तेरा महिन्यांनी, कोणी दारात उभे नसताना, हप्ता भरला जातो की नाही यावर होईल.